खोटे नव्हते, जुळत नव्हते

१९८७ च्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळात भावकीची बैठक बसली होती. विषय एका बांधाचा होता. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या बाजूला, डोंगरउतारावरची शेते लहान लहान तुकड्यांची असतात आणि मुसळधार पावसात बांध वाहून जाणे हे नेहमीचेच असते. माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे तात्यांच्या, शेताचा एक बांध असाच दोन-तीन पावसाळ्यांत सपाट झाला होता, आणि शेजारच्या चुलत घराने दरवर्षी थोडे थोडे नांगरत आपली हद्द तात्यांच्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत आणली होती. हद्द बुंध्यापाशी नाही, त्याच्या बरीच पलीकडे आहे, असे तात्यांचे म्हणणे होते.

बैठकीत त्यांनी आपली बाजू थोडक्यात मांडली. आंबा माझ्या बापाने लावला. त्याची फळे आजवर आम्हीच उतरवली. शेतसारा आम्ही कधी थकवला नाही. म्हणून आंब्यापलीकडचा पट्टा आमचा. एवढे बोलून ते थांबले, आणि पंचांपैकी एकाने, मी नुकताच हायस्कुलात गणित शिकवायला लागलो होतो म्हणून, मला विचारले, ‘काय मास्तर, तुम्हाला काय वाटतंय?’ मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘तात्या, हे खोटं आहे. झाड कुणी लावलं त्यावरनं जमीन कुणाची ते ठरत नाही.’

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘मी खोटं बोलायलोय व्हय रे?’ एवढेच त्यांनी विचारले. मग खांद्यावरचा पंचा हातात घेऊन त्याची घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला आणि देवळाच्या पायऱ्या उतरून ते निघून गेले. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला ते आमच्या घरी आले, प्रसादही घेतला. पण जेवायला थांबले नाहीत. माझ्या आठवणीत तोवर असे कधीच घडले नव्हते.

तात्या काय चुकीचे बोलले होते? आंबा आजोबांनीच लावला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. फळे तात्यांच्याच घरी येत, ती मीही खाल्ली होती. शेतसाऱ्याच्या पावत्या त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वर्षावार लावून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या तिन्ही विधानांत असत्याचा अंशही नव्हता. मला जे खटकले होते ते या विधानांच्या पुढे होते, ‘म्हणून’ या एका शब्दात. तीन खऱ्या गोष्टींतून चौथी निघत नाही, असे मला म्हणायचे होते आणि मी म्हणालो, ‘हे खोटं आहे’. माणसाचे विधान असत्य आहे असे म्हणणे वेगळे आणि त्याच्या विधानांची जोडणी चुकली आहे असे म्हणणे वेगळे. कॉलेजात तर्कशास्त्र हा विषय घेऊन मी हा भेद परीक्षेच्या पेपरात व्यवस्थित लिहिला होता, त्याला गुणही चांगले मिळाले होते. देवळात उभे राहिल्यावर मात्र तो माझ्या जिभेपर्यंत आला नाही.

यात थोडा वाटा आपल्या बोलण्याच्या सवयीचाही आहे. ‘खोटं’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. नाणे खोटे असते, बातमी खोटी असते, माणूस खोटा असतो, आणि एखाद्याचे म्हणणे पटले नाही तर तेही ‘खोटं’च. त्या शब्दात नुसती चूक दाखवली जात नाही, समोरच्याच्या नियतीवर बोट ठेवले जाते. तर्कात चुकलेला माणूस बहुधा पूर्ण प्रामाणिक असतो. आपली विधाने खरी आहेत याची त्याला खात्री असते, ती खात्री बरोबरही असते, आणि म्हणूनच ‘खोटं’ हा शब्द ऐकताच तो दुखावतो. त्या क्षणानंतर त्याला त्याची चूक दाखवणे जवळजवळ अशक्य होते, कारण तो आपली विधाने पुन्हा पुन्हा तपासतो आणि ती त्याला पुन्हा पुन्हा खरीच आढळतात.

पावसाळा संपल्यावर मोजणी आली. सर्व्हेअर वयस्कर होते आणि त्यांची जुन्या पद्धतीच्या कामावर निष्ठा होती. साखळीचे एक टोक धरायला त्यांनी मला बोलावले, आणि त्या दिवशी उन्हात उभा राहून मी जे शिकलो ते मला पुस्तकातून इतक्या स्वच्छपणे कधी समजले नव्हते.

आमच्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग करतात आणि प्रत्येक भागाला आणा म्हणतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. शेताचा आकार कधीच सरळ नसतो, म्हणून मधून एक लांब रेघ धरायची, तिच्यावर दोन्ही बाजूंनी काटकोनात मापे घ्यायची, शेताचे त्रिकोण आणि चौकोन पाडायचे आणि त्यांची क्षेत्रफळे मिळवायची. पाया दहा साखळ्या आणि उंची सहा साखळ्या असलेला त्रिकोण म्हणजे तीस गुंठे. इतके ते सोपे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी साखळी जमिनीवर ताणून एका खुणेच्या काठीने तपासली. मी कारण विचारले. वापरून वापरून कड्या उघडतात आणि साखळी लांबते, असे ते म्हणाले. साखळी अर्धा फूट जरी लांबली, तरी तीस गुंठ्यांच्या तुकड्यात जवळजवळ एका गुंठ्याचा फरक पडतो, आणि वहीत सगळे कसे नीटनेटके दिसते! बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, आणि तरीही उत्तर चूक, कारण वहीत उतरलेला प्रत्येक आकडाच असत्य असतो. उलट साखळी बिनचूक असली, मापे जशीच्या तशी उतरवली, आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढताना निम्मे करायचे राहिले, तर आकडे सगळे खरे आणि उत्तर दुप्पट. पहिली चूक टेबलाशी बसून कधीच सापडणार नाही. त्यासाठी पुन्हा शेतात जावे लागते, साखळी पुन्हा ताणावी लागते. दुसरी चूक शोधायला शेतात जाणे व्यर्थ आहे, कारण शेत शंभर वेळा मोजले तरी मापे तीच येणार. ती चूक वहीतच आहे आणि वहीतच सापडेल. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत जास्त हादरवून गेली. कधी कधी दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि क्षेत्र नेमके जुळते. अशा वहीवर विसंबून पुढचा माणूस काम करतो, आणि पुढच्या शेतात तो फसतो.

खोटे विधान आणि तर्कदोष यांतला फरक याहून नेमका मला आजही सांगता येत नाही. विधान खरे की खोटे हे विधानाबाहेर जाऊन पाहावे लागते: उतारा काढून, जागेवर जाऊन, साक्षीदाराला विचारून. जोडणी बरोबर की चूक हे मात्र बोलण्याच्या आतच पाहावे लागते, आणि त्यासाठी विधाने खरी आहेत की नाहीत हे माहीत असण्याचीही गरज नसते.

आमच्याच तालुक्यातल्या नद्या घेतो. समजा कोणी म्हणाले: खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या सगळ्या नद्या पश्चिमेला वाहतात, म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते, म्हणून म्हादई पश्चिमेला वाहते. निष्कर्ष खरा आहे, म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. जोडणीही निर्दोष आहे. तरीही पहिले विधान धादांत असत्य आहे, कारण कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. आता दुसरा नमुना पाहा. कृष्णेच्या उपनद्यांचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. मलप्रभेचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणून मलप्रभा कृष्णेची उपनदी आहे. इथे तिन्ही वाक्ये खरी आहेत, भूगोलाचा कोणताही शिक्षक त्यांवर खूण करील. तरीही जोडणी फसवी आहे. ती फसवी आहे हे दाखवायला मलप्रभेच्या जागी कावेरी ठेवावी. कावेरीचे पाणीही बंगालच्या उपसागरातच जाते, आणि ती कृष्णेची उपनदी नाही. वर्गात हे दोन नमुने फळ्यावर लिहिले की पहिल्या बाकावरची हुशार मुले अस्वस्थ होत. सगळे खरे असताना चूक कशी, असे ती विचारत. मला तो प्रश्न फार प्रिय होता, कारण माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा देवळाची पायरी असे.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या जुन्या पंडितांनी, हा भेद फार पूर्वीच हेरला होता, आणि त्यांचे उदाहरण तर आमच्या डोंगरातलेच वाटते. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हे अनुमान दोन अगदी वेगळ्या ठिकाणी मोडू शकते. आषाढात पहाटे दाराशी उभे राहिले तर समोरच्या डोंगराच्या खाचेतून पांढरे काही तरी वर चढताना दिसते. ते धुके असते. पण परक्या माणसाला तो धूर वाटतो आणि वर कोणी तरी चूल पेटवली आहे असे तो म्हणतो. त्याच्या विचारात कसलाही दोष नाही. धूर असता, तर अग्नी असताच. चूक त्याच्या डोळ्यांची आहे. ज्या हेतूवर, म्हणजे ज्या कारणावर, तो उभा आहे तो हेतूच तिथे नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला असिद्ध म्हणतात.

दुसरा माणूस उलट चालतो. तो म्हणतो, पर्वतावर धूर असला पाहिजे, कारण तिथे अग्नी आहे. अग्नी खरोखरच आहे, तो आपण दोघेही पाहतो आहोत. पण अग्नी म्हटला की धूर, हा नियमच नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा नैयायिक पुढे करतात: त्यात अग्नी आहे आणि धूर मुळीच नाही. धूर होतो तो ओल्या लाकडाशी गाठ पडली की. पावसाळ्यात ज्यांनी चूल फुंकली आहे त्यांना हे शास्त्राविना समजते. इथे डोळे बरोबर आहेत आणि बांधलेली गाठ चूक आहे. या दोषाला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे हेतू आपल्या साध्याला, जे सिद्ध करायचे त्याला, सोडून दुसरीकडेही राहतो. पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलने तर्कातले तेरा दोष सांगितले, न्यायसूत्रे लिहिणाऱ्या गौतमाने पाच हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू, सांगितले. गौतमाची मांडणी मला अधिक जवळची वाटते, कारण धुक्याला धूर समजणारा आणि अग्नीवरून धूर ओळखू पाहणारा या दोघांनाही ती एकाच छताखाली आणते आणि तरीही प्रत्येकाला त्याचे नेमके नाव देते. कुठे मोडले ते सांगितल्याशिवाय नुसते ‘चूक’ म्हणून सुटका नाही.

हे सगळे लिहिण्याची ओढ मला लागते ती, मी जिथे राहतो त्या भागामुळे. बेळगावच्या सीमाभागात वाढलेल्या माणसाला युक्तिवाद नवे नाहीत. एस.टी.च्या स्टँडवर, गणेशमंडळाच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, एक नोव्हेंबरच्या आसपास तर घराघरांत, सीमाप्रश्नावर बोलणे होते, आणि त्या बोलण्यात खोटी विधाने आणि चुकलेल्या जोडण्या अशा मिसळलेल्या असतात की एक उपटायला जावे तर दुसरी हाती येते. या प्रश्नात माझी बाजू आहे, मी ती लपवत नाही. माझे आईवडील ज्या भाषेत बोलले तिचा हक्क मला हवा आहे. म्हणूनच आमच्या बाजूच्या लंगड्या युक्तिवादाचे मला जास्त दुःख होते.

एक साधे खोटे विधान मी अनेकदा ऐकले आहे: महाजन आयोगाने महाराष्ट्राला एकही गाव दिले नाही. हे निव्वळ असत्य आहे. १९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या त्या आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावीत अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राला द्यायच्या यादीत निपाणी होती, आमचे खानापूर होते. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले, आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. नाकारण्याची कारणे सबळ असतील, मला त्यांतली काही पटतातही. पण अहवालात जे आहे ते नाही असे म्हणून ती कारणे बळकट होत नाहीत. ही चूक दुरुस्त करायला एक दुपार आणि एक वाचनालय पुरते.

दुसरी चूक वाचनालयात दुरुस्त होत नाही. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून ते महाराष्ट्रात आले पाहिजे. पूर्वार्ध खरा आहे, कोणताही कागद काढून पाहा, तो खराच निघेल. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेलेले जिल्हे चार होते: चंदगड तालुका वगळून बेळगाव, आणि त्याशिवाय धारवाड, विजापूर व कारवार. मुंबई राज्यात असणे एवढेच कारण पुरेसे असेल, तर ते धारवाडलाही लागू पडते, आणि धारवाड आम्हाला द्या असे आमच्यातला कोणीही म्हणत नाही. म्हणजे आपले खरे कारण काही दुसरेच आहे, आणि ते आपण बोलून दाखवत नाही. खेडे हा घटक धरावा, प्रदेश सलग असावा, भाषिक बहुसंख्या पाहावी, लोकांची इच्छा विचारावी, ही ती खरी कारणे. त्यांच्यावर महाराष्ट्राची मागणी उभी आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. ती कारणे तपासता येतात. मुंबई राज्याचा जुना नकाशा भिंतीवर लावून ती तपासली जात नाहीत.

पलीकडच्या बाजूचेही तसेच आहे. या भागात जुने कन्नड शिलालेख सापडतात, म्हणून हा भाग आज निर्विवाद कन्नड आहे, असे सांगितले जाते. शिलालेख सापडतात हे शंभर टक्के खरे आहे, आणि त्यांचा अभिमान कोणालाही वाटावा. पण कन्नड शिलालेख सोलापूर-कोल्हापूरकडेही सापडतात; आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ कोरलेली आहे, तिच्या बळावर श्रवणबेळगोळ महाराष्ट्राला द्या असे कोणी म्हणाले तर आपण त्याला काय म्हणू? दगडावरची ओळ त्या काळात ती भाषा तिथे लिहिली गेली एवढे सांगते. आजच्या गावात कोणती भाषा घरात बोलली जाते ते आजच्या गावालाच विचारावे लागते.

मी एकदा हे दोन्ही मुद्दे गावातल्या तरुणांसमोर मांडले. एकाने विचारले, ‘सर, म्हणजे आमची बाजू खोटी आहे असं म्हणताय काय?’ पुन्हा तोच शब्द! युक्तिवाद फसला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, हे त्याला सांगायला मला बराच वेळ लागला, आणि त्याला ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. लंगडा साक्षीदार आला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. तिला दुसरा साक्षीदार लागतो, इतकेच. तर्कदोषांची नावे पाठ झालेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते. समोरच्याचा एक दोष पकडला की त्याचे सगळे म्हणणे निकालात निघाले असे त्याला वाटते, आणि तसे वाटणे हाही एक तर्कदोषच आहे. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले ते मला या ठिकाणी आठवतात. सत्य शोधायला बसतात तो वाद. जिंकायला बसतात तो जल्प. आणि आपले काहीच न मांडता समोरच्याचे तेवढे पाडायचे ती वितंडा. देवळातल्या त्या बैठकीत मी तात्यांशी वितंडाच केली होती. पट्टा कोणाचा याविषयी माझे स्वतःचे काही मत नव्हते, काही पुरावाही नव्हता. तात्यांचा ‘म्हणून’ तेवढा मी पाडला.

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यातली खोटी विधाने पकडणारे लोक आता बरेच आहेत आणि ते चांगले काम करतात. हा फोटो दुसऱ्या गावचा आहे, ही तारीख चुकीची आहे, हे ते सांगतात. माझी काळजी उरलेल्या मजकुराची आहे. फोटो खरा, तारीख खरी, माणूस खरा, आणि ‘म्हणून’ तेवढा फसवा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो, तेव्हा कावळाही खरा असतो आणि तुटलेली फांदीही. वडाची साल पिंपळाला लावतात तेव्हा सालही खरी असते आणि पिंपळही. अशा मजकुरावर ‘खोटे’ असा शिक्का मारता येत नाही आणि मारला तर तो टिकत नाही. पाठवणारा लगेच मूळ फोटो दाखवतो आणि जिंकल्यासारखा होतो. तिथे एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे ‘म्हणून’वर बोट ठेवून शांतपणे विचारणे, हे यातून कसे निघते?

आता एक आक्षेप, जो मला एका विद्यार्थिनीने घेतला आणि ज्याने मला कित्येक दिवस झोपू दिले नाही. ती म्हणाली, ‘सर, प्रत्येक चुकलेल्या युक्तिवादात एक विधान मनात ठेवलेलं असतं. ते बोलून दाखवलं की जोडणी बरोबर होते. मग दोष राहतो तो त्या विधानाच्या खरे-खोटेपणाचा. म्हणजे तर्कदोष असं वेगळं काही नाहीच, सगळी खोटी विधानंच आहेत, काही बोललेली आणि काही न बोललेली.’ तिचे म्हणणे फार खोल होते. मुंबई राज्याच्या युक्तिवादात ‘जे मुंबई राज्यात होते ते सारे महाराष्ट्रात यावे’ हे विधान घाला, जोडणी घट्ट बसते, आणि आता उघड असत्य असे एक विधान हाती येते. सर्व्हेअरच्या वहीतही तसेच करता येईल: ‘त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची’ असे वर लिहिले की खालचा हिशेब निर्दोष होतो आणि ती ओळ तेवढी खोटी ठरते.

मी तिला दिलेले उत्तर आजही मला पुरेसे वाटते. ते न बोललेले विधान नेमके कोणते, हे तू कसे ठरवणार? ती रिकामी जागा अनेक विधानांनी भरता येते. काहींनी युक्तिवाद हास्यास्पद होतो, काहींनी तो भक्कम होतो. ऐकणारा ती जागा आपल्या मनाने भरतो आणि मग आपणच भरलेल्या विधानाला खोटे ठरवतो. बोललेल्या विधानाची जबाबदारी बोलणाऱ्याची असते, पण न बोललेल्याची त्याच्यावर टाकण्यापूर्वी त्याला विचारायला हवे. म्हणून हा भेद राखायला हवा. तर्कदोष दिसला की तिथे आधी एक प्रश्न येतो. खोटे विधान दिसले की तिथे पुरावा येतो.

हे उत्तर मला पुस्तकातून सुचलेले नव्हते. मोजणीच्या दिवशी सर्व्हेअरांनी मूळ टिपण, म्हणजे जुन्या मोजणीची नोंद, उलगडून मापे धरली आणि आंब्याच्या बुंध्यापासून थोडे पुढे, वाळलेल्या गवतात एका जागी काठी टेकवून खणायला सांगितले. हातभर खाली हद्दीचा दगड लागला. पट्टा तात्यांचाच होता. त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षे मी असे धरून चाललो होतो की तात्यांचा युक्तिवाद सदोष होता आणि निष्कर्ष योगायोगाने खरा निघाला, त्या दोन चुकांनी जुळलेल्या क्षेत्रासारखा. वर्गात गावाचे नाव न सांगता मी हे उदाहरण देतही असे.

तात्यांच्या शेवटच्या वर्षांत आमचे बोलणे पुन्हा पूर्वीसारखे झाले होते. एका दुपारी त्यांच्या पडवीत बसलो असताना मी तो विषय काढला, माफी मागितली, आणि हेही सांगितले की तुमची बाजू खरी होती, पण झाडावरून जमीन कशी ठरणार हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही. ते बराच वेळ समोरच्या अंगणाकडे पाहत राहिले.

‘माझा बाप बांधावर झाड लावत नव्हता,’ ते म्हणाले. ‘बांधापासनं पाच पावलं आत लावायचा. मोठं झालं की सावली दुसऱ्याच्या भातावर पडू नये म्हणून. सगळी झाडं बघ त्याची, काजू बघ, फणस बघ. आंब्यापासनं पाच पावलं टाक, बांध तिथंच.’

मी म्हणालो, ‘हे बैठकीत का सांगितलं नाही?’

‘तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं की. तुला ठाऊक नव्हतं, तर तू विचारलास कुठं?’

संध्याकाळी घरी परतताना मी वाट वाकडी करून शेतात गेलो. आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून पाच पावले टाकली. पाचव्या पावलाला पाय दगडाच्या किंचित अलीकडे पडला. आजोबा माझ्यापेक्षा उंच होते.